पहिली आफ्रिकन सफारी : बेळगाव, खानापूर, निपाणीकडून निघणाऱ्यांसाठी

केनियाच्या सफारीची चौकशी केली की हाती येणारा कार्यक्रमाचा कागद बहुतेक वेळा आठ दिवसांत चार-पाच अभयारण्ये दाखवणारा असतो : आंबोसेली, नाकुरू, नैवाशा, मसाई मारा आणि जमल्यास आणखी एखादे. कागदावर तो भरगच्च दिसतो आणि पैसे मोजणाऱ्याला भरगच्चपणा आवडतोच. परंतु आंबोसेलीहून नाकुरूला जायचे म्हणजे नैरोबी ओलांडून जवळजवळ दिवसभर गाडीत बसावे लागते, नाकुरूहून मारापर्यंत पुन्हा पाच-सहा तास जातात, आणि प्राणी पाहण्याचे जे खरे तास, म्हणजे सूर्योदयानंतरचे तीन आणि सूर्यास्तापूर्वीचे दोन, ते सामान बांधण्यात व रस्त्यावर संपतात. म्हणून पहिल्या सफारीच्या तयारीत सर्वांत आधी एकच मोठे रान निवडावे आणि तेथे किमान चार रात्री राहण्याचे ठरवावे. सुट्टी, खर्च, सामान आणि औषधे ही सगळी तयारी या एका निर्णयामागून येते.

कोणते रान, हा प्रश्न आपल्या भागातून निघणाऱ्यासाठी फारसा अवघड नाही. टांझानियातील सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान १४,७६३ चौरस किलोमीटरचे आहे, दक्षिण आफ्रिकेतील क्रूगर त्याहूनही मोठे आहे आणि तेथे डांबरी रस्त्यांवरून स्वतः गाडी चालवत फिरता येते. मसाई मारा त्यांच्या तुलनेने लहान, साधारण १,५०० चौरस किलोमीटरचे. तरीही पहिल्या खेपेस मीच काय, कोणीही जाणकार माराच सुचवील. मुंबईहून नैरोबीला थेट विमानाने सुमारे सहा तासांत पोहोचता येते, तेथून नारोकमार्गे साधारण २७० किलोमीटरवर मारा आहे, आणि मारा व सेरेंगेटी यांच्यामध्ये कुंपण नसल्याने दोन्हींकडचे प्राणी एकाच गवताळ प्रदेशातले असतात.

केव्हा जावे

दहा लाखांहून अधिक विल्डबीस्ट, म्हणजे बैलासारखी दिसणारी मोठी हरणे, आणि त्यांच्या सोबतीचे लाखो झेब्रे ताज्या गवतामागे वर्षभर या प्रदेशात चक्राकार फिरत असतात. जुलै ते ऑक्टोबर या काळात कळप मारा नदीच्या आसपास असतात आणि नदी ओलांडतानाची जी दृश्ये आपण दूरदर्शन संचावर पाहतो, ती याच महिन्यांतली. मात्र कळप तारीख पाहून नदीत उतरत नाहीत. काठावर येऊन तासन्‌तास घुटमळतात आणि पुष्कळदा माघारीही फिरतात. शिवाय २०२४ पासून मारा अभयारण्यात परदेशी प्रौढ व्यक्तीला जानेवारी ते जून दररोज १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर दररोज २०० डॉलर असे प्रवेशशुल्क आहे. चार दिवसांचा हिशेब केला तर ऐन हंगामात माणशी ८०० डॉलर केवळ दारावर जातात. हे शुल्क दिलेल्या भावात धरले आहे की नाही, आणि निघण्याच्या दिवशी किती वाजेपर्यंत बाहेर पडले म्हणजे पुन्हा शुल्क पडत नाही, हे दोन प्रश्न आगाऊ रक्कम देण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावेत.

आपल्या बाजूने आणखी एक अडचण आहे. स्थलांतराचा हंगाम आणि आपल्याकडचा पूर एकाच वेळी येतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगा व वेदगंगेच्या पाण्याने कोल्हापूर-निपाणी पट्ट्यात पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद पडला होता, हे निपाणीकरांना सांगायला नको. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईहून विमान असेल, तर आदल्या रात्रीच्या बसवर विसंबू नये. दोन दिवस आधी मुंबई गाठावी किंवा सांब्र्याहून विमानाने जाण्याचा खर्च सुरुवातीलाच गृहीत धरावा. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये घरात गणपती असतो, आणि गणपती सोडून बेळगावकर सिंह पाहायला जाईल यावर माझा तरी विश्वास नाही.

एप्रिल-मेची शाळेची सुट्टी सोयीची वाटते, पण मार्च ते मे हा तेथील मोठ्या पावसाचा काळ आहे. माराची बरीचशी जमीन आपल्या बैलहोंगल-अथणीकडच्या काळ्या रानासारखीच काळी आणि चिकट आहे. ती भिजली की चारही चाकांना जोर असलेली गाडीसुद्धा रुतते, आणि पावसाळ्यात काळ्या शिवारात गाडी घालणे म्हणजे काय, हे आपल्याला माहीत आहे. त्या दिवसांत भाव उतरतात हे खरे, पण पहिल्या सहलीसाठी तो सौदा मला फायद्याचा वाटत नाही. जानेवारी-फेब्रुवारी हे महिने कोरडे, शुल्क निम्मे, गर्दी कमी. त्या वेळी विल्डबीस्टचे मोठे कळप दक्षिणेला सेरेंगेटीलगतच्या न्दुटू भागात पिले देत असतात. परंतु माराचे सिंह, हत्ती, चित्ते, बिबटे, जिराफ आणि पाणघोडे कोठेही जात नाहीत. नदी ओलांडण्याचे दृश्य पाहायचेच, हा हट्ट पहिल्या खेपेस सोडला तर सफारी स्वस्त होते आणि शांतही होते.

कागदपत्रे, लस आणि पैसा

पासपोर्ट प्रवासाच्या तारखेपासून पुढे किमान सहा महिने वैध असावा. सीमाभागातील लोकांची नेहमीची डोकेदुखी नावाची असते : मराठी शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, आधारवर शेवटी, कोठे वडिलांचे नाव गळलेले, तर कोठे कन्नडमधून इंग्रजीत येताना स्पेलिंग बदललेले. पासपोर्टवर जे आहे तेच अक्षरन्‌अक्षर विमानाच्या तिकिटावर, विम्यावर आणि केनियाच्या अर्जावर असले पाहिजे. जुन्या पासपोर्टवर जन्मस्थान ‘बेळगाव’ आणि नव्या कागदांवर २०१४ च्या नामांतरानंतरचे ‘बेळगावी’ असे असेल, तर अर्ज भरताना पासपोर्टवरचेच नाव लिहावे. जानेवारी २०२४ पासून केनियाने व्हिसा बंद करून ऑनलाइन पूर्वपरवानगीची पद्धत सुरू केली आहे. तिच्यासाठी परतीचे तिकीट, राहण्याच्या ठिकाणाची नोंद आणि छायाचित्र लागते. अर्ज केनिया सरकारच्या स्वतःच्या संकेतस्थळावरच करावा, कारण तशाच दिसणाऱ्या खासगी संकेतस्थळांवर दुप्पट-तिप्पट पैसे घेतले जातात.

पीतज्वराच्या, म्हणजे यलो फीवरच्या, लशीबाबत सर्वाधिक गोंधळ आढळतो. ‘केनियात जाताना कोणी विचारत नाही’ असे सांगणारे भेटतील, आणि भारतातून थेट जाणाऱ्यापुरते ते खरेही आहे. विचारणा होते ती परत येताना, आपल्याच विमानतळावर. पीतज्वराचा धोका असलेल्या देशातून येणाऱ्याजवळ लशीचे वैध प्रमाणपत्र नसेल तर त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येते. लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी प्रमाणपत्र वैध होते आणि २०१६ पासून ते आयुष्यभरासाठी मानले जाते. ही लस नेहमीच्या दवाखान्यात मिळत नाही, सरकारने नेमून दिलेल्या केंद्रांतच, तीही बहुधा ठरावीक दिवशी आणि आधी वेळ घेऊन मिळते. त्यामुळे केंद्रांची यादी पाहून निघण्याच्या किमान दीड महिना आधी हे काम उरकावे. साठीपुढील व्यक्ती, गरोदर स्त्रिया, अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेले आणि प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणारे यांनी आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावे.

हिवतापाला लस घेऊन मोकळे होता येत नाही. त्यासाठी प्रतिबंधक गोळ्या असतात. डॉक्सीसायक्लिन प्रवासाच्या एक-दोन दिवस आधी सुरू करून परतल्यावर चार आठवडे घ्यावी लागते, ॲटोवाक्वोन-प्रोग्वानिल परतल्यावर सात दिवस. कोणती गोळी कोणाला, हे डॉक्टरांनी ठरवायचे. आपल्याकडे मलेरिया परिचयाचा असल्यामुळे माणसे या गोळ्या अर्ध्यावर सोडतात, परंतु आफ्रिकेतील बहुतेक हिवताप फाल्सिपेरम जातीचा असतो आणि तो काही दिवसांत मेंदूपर्यंत जाऊ शकतो. परतल्यानंतर काही आठवड्यांनी, अगदी दोन-तीन महिन्यांनी जरी ताप आला, तरी ‘मी आफ्रिकेतून आलो आहे’ हे वाक्य डॉक्टरांना सर्वांत आधी सांगावे.

पैशांबाबत थोडक्यात. परदेशी सहलीच्या पॅकेजवर टूर कंपनी नियमानुसार कर गोळा करते आणि तो पॅनवर जमा होतो. चिकोडी-रायबागकडचे जे ऊस उत्पादक केवळ शेतीच्या उत्पन्नामुळे विवरणपत्र भरत नाहीत, त्यांना ही रक्कम परत हवी असेल तर त्या वर्षी विवरणपत्र भरावे लागेल. डॉलरच्या नोटा नव्या आणि स्वच्छ घ्याव्यात, कारण जुन्या, दुमडलेल्या किंवा शाई लागलेल्या नोटा तेथे नाकारल्या जातात. प्रवास विमा घेताना त्यात विमानाने रुग्णालयात हलवण्याचा खर्च आहे का, एवढे एक कलम तरी वाचावे. माराच्या मध्यावर काही झाले, तर नैरोबीचे मोठे रुग्णालय रस्त्याने पाच-सहा तास दूर असते.

सामान

नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून माराला छोटे विमान जाते आणि पाऊण तासात पोहोचवते. त्यात हातातील पिशवीसह १५ किलो सामान चालते, आणि बॅग मऊ असावी लागते, कारण ती विमानाच्या पोटात दाबून बसवतात. मी चाकांची टणक सुटकेस घेऊन गेलो होतो. ती तेथेच एका खोलीत ठेवून चार दिवसांचे कपडे मला हॉटेलच्या धुण्याच्या कापडी पिशवीत भरून न्यावे लागले, आणि त्या पिशवीचा बंद तुटला तो धावपट्टीवर. रस्त्याने जाणार असाल तरी मऊ बॅगच बरी. गाडीत मागे सामानाला जागा बेताचीच असते.

कपडे मातकट, खाकी, फिकट हिरवे असावेत. गडद निळ्या आणि काळ्या रंगाकडे त्सेत्से माशी ओढली जाते व तिचा चावा जाड कापडातूनही लागतो. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या गावात लष्करी ठिपक्यांच्या विजारी सहज मिळतात आणि जंगलासाठी त्या योग्य वाटतात, पण त्या घरीच ठेवाव्यात. कित्येक आफ्रिकी देशांत असे कपडे नागरिकांना घालू देत नाहीत. थंडीचा अंदाजही चुकतो. ‘आफ्रिका म्हणजे ऊन’ हे समीकरण माराला लागू पडत नाही, कारण मारा समुद्रसपाटीपासून साधारण दीड हजार मीटरवर, म्हणजे बेळगावच्या जवळपास दुप्पट उंचीवर आहे. पहाटे सहाला छत उघडलेल्या गाडीत उभे राहिल्यावर वारा थेट कानात शिरतो. स्वेटर, त्यावर वारा अडवणारे जाकीट आणि आपली साधी कानटोपी यांना पर्याय नाही. नऊ वाजेपर्यंत हे सगळे उतरवावे लागते, म्हणून एकावर एक असे कपडे घालावेत.

प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगवर केनियात २८ ऑगस्ट २०१७ पासून बंदी आहे. आपण चिवड्यापासून चपलांपर्यंत सगळे कॅरीबॅगेत गुंडाळतो. ती सवय घरीच सोडून कापडी पिशव्या शिवून घ्याव्यात. केनियातील विजेच्या खोबणीला तीन चौकोनी पिनांचा प्लग लागतो, आपला गोल पिनांचा बसत नाही. अनेक तंबूंच्या निवासांत वीज ठरावीक तासांपुरतीच असते, तेव्हा पॉवर बँक हवीच, आणि ती विमानात हातातल्या सामानातच ठेवायची असते.

दुर्बीण मात्र माणशी एक हवी. कुटुंबात एकच असली की चित्ता उठून जाईपर्यंत ती फिरत राहते. आठ पट मोठे दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगांची दुर्बीण नवशिक्याला सर्वांत सोयीची. दहा पटीची हातात थरथरते. ती विकत घेऊन थेट आफ्रिकेत उघडू नये. हिवाळ्यात एक-दोन रविवार गोकाक तालुक्यात धुपदाळच्या बंधाऱ्यावर, घटप्रभा पक्षी अभयारण्यात घालवावेत. तेथे शिकायचे ते एवढेच, की पक्ष्यावरची नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणायची. बहुतेक जण आधी दुर्बीण डोळ्यांना लावतात आणि मग तिच्यातून पक्षी शोधत बसतात. बगळ्यांवर शंभर वेळा हा सराव झाला म्हणजे गवतातले सिंहाचे कान दोन सेकंदांत सापडतात.

छायाचित्रे काढणाऱ्यांनी तिपाई नेऊ नये, गाडीत ती उभी राहत नाही. त्याऐवजी जाड कापडाची चेन लावलेली रिकामी पिशवी न्यावी. नारोकच्या एका दुकानात मी दोन किलो तांदूळ घेऊन अशी पिशवी भरली. गाडीच्या छताच्या कडेवर ती ठेवली की जड लेन्स तिच्यात रुतून स्थिर बसते, आणि शेवटच्या दिवशी ते तांदूळ मुदपाकखान्यात देऊन टाकले.

खाणे

शाकाहाऱ्यांची केनियात उपासमार होत नाही. १८९६ ते १९०१ या काळात मोंबासापासून रेल्वे बांधण्यासाठी हजारो भारतीय मजूर तेथे गेले, त्यांच्यामागे व्यापारी गेले, आणि आज चपाती व चहा हे केनियाचेच पदार्थ झाले आहेत. उगाली, म्हणजे पांढऱ्या मक्याच्या पिठाची घट्ट उकड, आणि तिच्यासोबत सुकुमा विकी ही परतलेली पालेभाजी, भाकरी-पालेभाजीवर वाढलेल्या माणसाला लगेच जवळची वाटते. आपल्या भागात जैन कुटुंबे पुष्कळ आहेत. कांदा, लसूण व कंदमुळे वर्ज्य असल्याचे निवासाला लेखी कळवल्यास सोय होते, परंतु सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा प्रश्न निराळा आहे. विषुववृत्ताजवळ असल्याने तेथे वर्षभर साडेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि सायंकाळच्या फेरीतून गाड्याही त्याच सुमारास परततात. त्यामुळे चौविहार पाळणाऱ्यांनी सायंकाळचा डबा गाडीतच मागून घ्यावा, म्हणजे फेरी बुडत नाही. सोबत न्यायला गोकाकचा करदंट उत्तम : टिकतो, वितळत नाही आणि पहाटे एक तुकडा पुरतो. कुंदा दुधाचा असल्याने नेऊ नये, आणि ताजी फळे व बियाणेही टाळावीत.

पहिला दिवस

नैरोबीला उतरल्यावर घड्याळ अडीच तास मागे घ्यावे आणि पहिली रात्र तेथेच काढावी. रात्रीचे विमान, त्यापूर्वी मुंबईपर्यंतचा प्रवास आणि लगेच सहा तासांचा रस्ता, हे वयस्करांना सोसत नाही. दुसऱ्या दिवशी गाडी ताब्यात येताच दोन गोष्टी पाहाव्यात : प्रत्येकाला खिडकी आहे ना, आणि छत उघडते ना. आपल्याकडे बारा-पंधरा जणांचा गोतावळा मिळून जातो; अशा वेळी सहा-सहाच्या गाड्या कराव्यात, सात-आठ जण कोंबू नयेत.

ड्रायव्हरशी ओळख करून घेताना स्वाहिली उपयोगी पडते, आणि ती वाटते तितकी परकी नाही. गाडीला ते ‘गारी’ म्हणतात, पैशाला ‘पेसा’, दुकानाला ‘दुका’, विम्याला ‘बिमा’. स्वतः ‘सफारी’ हा शब्दही आपल्या ‘सफर’च्याच अरबी घराण्यातला असून त्याचा अर्थ केवळ प्रवास असा आहे. सिंबा म्हणजे सिंह, चुई बिबट्या, दूमा चित्ता, टेंबो हत्ती, किफारू गेंडा. हे शब्द येत असले की गाड्यांमधले वायरलेसवरचे बोलणेही थोडेफार कळू लागते. वाघाचे नाव विचारू नये. आफ्रिकेच्या रानात वाघ नाही.

गाडीतून उतरायचे नाही, हात बाहेर काढून टाळ्या-शिट्ट्या वाजवायच्या नाहीत, अभयारण्यात मळलेली वाट सोडून गाडी घालायला सांगायचे नाही, आणि एखाद्या प्राण्याभोवती पाच गाड्या असतील तर मागे थांबून आपली पाळी पाहायची. ड्रायव्हरला बक्षिसी शेवटच्या दिवशी पाकिटात द्यावी. तिच्या लोभाने त्याने नियम मोडावा अशी वेळ आणू नये. मसाई माणसांचे छायाचित्र विचारल्याशिवाय काढू नये.

आपल्याकडे भीमगडच्या किंवा दांडेलीच्या रानात झाडी इतकी दाट, की गवा दहा हातांवर असला तरी आधी फांदी मोडल्याचा आवाज येतो आणि मग तो दिसतो. आपण कानांनी जंगल पाहायला शिकलेलो असतो. मारात कान फारसे कामाला येत नाहीत. पहिल्या सायंकाळी आमचा ड्रायव्हर वारुळाजवळ गाडी थांबवून इंजिन बंद करून बसला. वारुळावर ‘टोपी’ नावाच्या जातीचे एक हरीण उभे होते, खाली आणखी चार, आणि पाचही जणांची तोंडे एकाच दिशेला वळलेली. कोणी चरत नव्हते. गाडीत कुजबुज सुरू झाली, की येथे काही नाही, पुढे जाऊ. तो म्हणाला, हरणांकडे पाहू नका, हरणे जिकडे पाहत आहेत तिकडे पाहा. त्या रेषेवर दुर्बीण धरून मी बसलो तेव्हा प्रथम नुसते वाळलेले गवत होते. मग त्या गवतात दोन काळे ठिपके, म्हणजे कानांच्या मागच्या बाजू, आणि थोड्या वेळाने त्यांच्यापासून हातभर अंतरावर आणखी दोन. पहिल्या फेरीला निघताना ड्रायव्हरला ‘सिंह दाखव’ असे न म्हणता ‘जेथे हरणे चरायची थांबली असतील तेथे गाडी थांबव’ असे सांगावे, आणि मग निदान वीस मिनिटे पुढे चलण्याचा आग्रह धरू नये.